शाकारलेल्या नौकेचा सौदा

जून उजाडला की कोकणच्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौका पाण्याबाहेर येतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. सातपाटीपासून मालवणपर्यंत वाळूवर आणि खाड्यांच्या काठी नौका ओढून ठेवल्या जातात, झापांनी नाही तर ताडपत्रीने शाकारल्या जातात, जाळी विणावयास बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे महिने विश्रांतीचे वाटतात. परंतु याच दोन महिन्यांत किनाऱ्यावर एक मोठा बाजार भरतो. त्याला ना कट्टा, ना लिलाव, ना भावफलक. तो बाजार जुन्या नौकांचा. ज्याला नवी नौका बांधण्याची ऐपत नाही असा तांडेल, वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नौकेवर राबून चार पैसे गाठीला बांधलेला खलाशी, वादळात नौका गमावलेला लहान मच्छीमार, हे सारे या बाजारातील गिऱ्हाइक होत. आणि या बाजारात जी वस्तू सर्वाधिक वेळा फसवी निघते ती नौका नव्हे, नौकेच्या पोटातील इंजिन होय.

या फसवणुकीचे मूळ कोणा एका विक्रेत्याच्या लबाडीत शोधू गेल्यास ते सापडणार नाही. ते सौद्याच्या वेळेत आहे. नौका विकली जाते ती जमिनीवर असताना. इंजिनाची परीक्षा होऊ शकते ती मात्र समुद्रावर. दोहोंमध्ये दोन महिन्यांचे अंतर आहे, आणि त्या दोन महिन्यांत पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन मोकळा झालेला असतो.

जमिनीवर इंजिन दाखविण्याची रीत किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. पिंपातले पाणी नळीने पंपाला द्यावयाचे, बॅटरी चढवावयाची आणि इंजिन चालू करावयाचे. ते पाच-दहा मिनिटे धडधडते, गिऱ्हाइकाबरोबर आलेला मिस्त्री कान देऊन ऐकतो, मान डोलावतो. "घड्याळासारखे चालते" ही ग्वाही ठरलेली असते. ती खोटीही नसते, कारण ओझे नसलेले इंजिन बहुधा चांगलेच चालते. पंख्याला पाण्याचा दाब नाही, पोटात बर्फ व मासळी नाही, मागे जाळे ओढावयाचे नाही. झिजलेल्या इंजिनाची झीज प्रकट होण्यासाठी जे लागते ते सारे त्या दहा मिनिटांतून वगळलेले असते. तेलाचा दाब इंजिन थंड असताना पुरेसा दिसतो. तो उतरतो दोन तास पूर्ण ओझ्यावर चालल्यानंतर, तेल तापून पातळ झाल्यावर. थंड पाण्याचे मार्ग क्षाराने अर्धे बुजलेले असले तरी दहा मिनिटांत इंजिन तापत नाही. ते तापते किनारा दिसेनासा झाल्यावर.

तरीही जमिनीवर काहीच कळत नाही असे नव्हे. गिऱ्हाइक येण्यापूर्वीच इंजिन चालवून गरम करून ठेवले आहे काय, हे हात लावून कळते. थंड इंजिन सकाळी पहिल्या झटक्याला कसे उठते ही त्याच्या प्रकृतीची पहिली खूण आहे, आणि गरम केलेले इंजिन ती खूण लपविते. निळसर धूर निघत असेल तर वंगणाचे तेल जळत आहे, म्हणजे रिंगा वा लायनर झिजले आहेत. काळा धूर इंधन पुरते जळत नसल्याचा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. तेल भरण्याचे तोंड उघडल्यावर आतून धापा टाकल्यासारखे वारे येत असेल तर पिस्टनच्या बाजूने दाब गळतो आहे. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. या गोष्टी कुठलाही जाणता मिस्त्री पाहतो. पण त्या लपविण्याच्या युक्त्याही तितक्याच जुन्या आहेत. जाडसर तेल भरले की निळा धूर काही काळ दबतो आणि खडखडाट मंदावतो. सौद्याच्या आदल्या दिवशी तेल बदलले की ताकाचा रंग नाहीसा होतो. इंजिनात नवे कोरे तेल दिसले की गिऱ्हाइक खूश होतो, वस्तुतः त्याने तेथेच थबकावयास हवे. जुने तेल इंजिनाविषयी पुष्कळ काही सांगते, नवे काहीच सांगत नाही.

आणखी एक गुंतागुंत आहे, आणि तिच्यापायी अनेक संसार दोनदा बुडाले आहेत. इंजिन वारंवार बिघडते म्हणून दोष इंजिनाचाच असतो असे नाही. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आणि पाणी साचलेले असते. बंदरातील शांत पाण्यात तो गाळ तळाशी पडून राहतो व इंजिन बिनतक्रार चालते. लाटांत नौका हेलकावू लागली की तो ढवळला जातो, फिल्टर तुंबतो आणि नेमक्या वाईट हवेत इंजिन बंद पडते. शाफ्टचेही तसेच. लाकडी नौका जमिनीवर टेकविलेली असताना तिचा आकार जसा असतो तसा पाण्यात राहत नाही, किंचित फरक पडतो. म्हणून इंजिन व शाफ्ट सरळ रेषेत आहेत की नाहीत हे नौका तरंगत असताना तपासावे लागते. जमिनीवर बसविलेला शाफ्ट पाण्यात वाकडा पडला तर गिअरबॉक्स आणि बेअरिंगे खाल्ली जातात आणि शिव्या इंजिनाला बसतात. पंखा इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा असेल तर ते जन्मभर ओझ्याखाली दबून काळा धूर ओकत राहते. अशा नौकेत कर्ज काढून दुसरे इंजिन बसविले तरी पहिल्याच्याच वाटेने दुसरेही जाते. मिस्त्रीला घाई असते, मालकाला घाई असते, हंगाम दारात उभा असतो. टाकी धुवून पाहण्याचा स्वस्त उपाय सर्वांत शेवटी सुचतो.

हे इंजिन मुळात आहे तरी काय? किनाऱ्यावरील मोठ्या संख्येच्या नौकांत जे डिझेल इंजिन धडधडते ते मूळचे ट्रकचे असते. त्याचा रेडिएटर व पंखा काढून समुद्राच्या पाण्यावर थंड होण्याची व्यवस्था केली जाते, मागे सागरी गिअरबॉक्स जोडला जातो, आणि ते नौकेत उतरविले जाते. यात गैर काही नाही. सुटे भाग सर्वत्र मिळतात, दुरुस्ती करणारे हात तालुक्याच्या गावी सापडतात, आणि खास सागरी इंजिनाच्या मानाने किंमत कमी पडते. कमी भांडवलाच्या धंद्याने शोधलेली ही शहाणी वाट आहे. परंतु ट्रकला चढ लागतो तसा उतारही लागतो. नौकेला उतार नाही. तेथे इंजिन तासन्‌तास एकाच ओझ्यावर, खारट हवेत, खारट पाण्याच्या सोबतीने चालते. म्हणून त्याच्याकडून सतत घ्यावयाची ताकद ट्रकपेक्षा कमी धरली पाहिजे आणि देखभाल अधिक केली पाहिजे. प्रत्यक्षात उलटे घडते. मासळी दूर गेली, स्पर्धा वाढली, तसतसे इंजिनाकडून अधिक ओढून घेतले जाते. ट्रकला निदान किती मैल धावला हे सांगणारा काटा असतो. नौकेतील इंजिन किती तास चालले याची मोजदाद पुष्कळ ठिकाणी कोणी ठेवीतच नाही. गिऱ्हाइकाला सांगितले जाते ते वर्ष, आणि वर्ष हे इंजिनाच्या आयुष्याचे माप नव्हे.

मग हे थकलेले इंजिन कोणाकडून कोणाकडे जाते हे पाहणे प्राप्त होते. भारतातील मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा एक आरंभबिंदू म्हणजे १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे आणि भारत यांच्यात झालेला करार. त्यातून १९५३ पासून केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. लहान मच्छीमाराच्या होडीला यंत्र मिळावे, त्याचे कष्ट कमी व्हावेत, हा त्याचा घोषित हेतू होता. पुढे कोळंबीच्या निर्यातीत पैसा दिसू लागला आणि यंत्राच्या मागे भांडवल आले. ज्यांनी कधी जाळे हाती धरले नव्हते असे लोक ट्रॉलरचे मालक झाले. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात दिलेला लढा, १९७८ मध्ये आकाराला आलेला मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच, आणि त्या दडपणाखाली केरळ व गोवा यांनी १९८० साली आणि महाराष्ट्राने १९८१ साली केलेले सागरी मासेमारी नियमनाचे कायदे, हा इतिहास कार्यकर्त्यांना परिचित आहे. कोणी कुठे मासेमारी करावी, कोणत्या जाळ्याने करावी, यावर त्या कायद्यांत पुष्कळ विचार झाला. यंत्र स्वतः म्हातारे झाल्यावर कोणाच्या गळ्यात पडते, हा प्रश्न मात्र राहून गेला.

त्याचे उत्तर आज बंदरांवर डोळ्यांनी दिसते. ज्याच्याकडे चार-सहा नौका आहेत तो मालक इंजिनाची उमेदीची वर्षे स्वतः वापरतो. ते तेल खाऊ लागले, फेऱ्या चुकू लागल्या की हिशेबनीस त्याला सांगतो, आता काढा. नवे घेण्यास त्याला बँक उभी करते, शासनाची योजनाही हात देते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातील मासेमारीच्या नौकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये धरलेली होती आणि तीवर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अर्थसाहाय्य ठेवलेले होते. म्हणजे साहाय्य वजा जाता सर्वसाधारण लाभार्थ्याने ७२ लाख रुपये उभे करावयाचे. ते कोण उभे करू शकतो हे वेगळे सांगावयास नको. साहाय्याचा हात ७२ लाखांच्या पायरीवर उभा आहे. तिच्या खाली जुन्या नौकांचा बाजार आहे. यंत्राचा नफा वरच्या पायरीवर वसूल होतो आणि यंत्राची दुखणी खालच्या पायरीवर उतरतात.

वादळांनी या बाजारात आणखी एक माल आणून सोडला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकले. अशा वेळी बुडून वर काढलेल्या नौकेचे इंजिन लगेच उघडून, धुवून, तेलाने माखले नाही तर खारे पाणी आतून पोखरू लागते. बाहेरचा भाग रंगविला की ते इतर इंजिनांसारखेच दिसते. नौका कधी बुडाली होती काय, हा प्रश्न विचारण्याचा प्रघात खरेदीत नाही. तो पाडला पाहिजे.

आता पैशाकडे वळू जाता खरा फास दिसतो. समजा, एका तांडेलाने १२ लाखांची जुनी नौका घेतली. घरातील सोने मोडून ४ लाख उभे केले. उरलेले ८ लाख आणावयाचे कोठून? किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांना खुले झाले खरे, पण ते मुख्यतः हंगामाच्या खर्चासाठी आहे, जुने यंत्र विकत घेण्यासाठी नव्हे. जुन्या नौकेवर कर्ज देण्यास बँक कचरते, कारण तारण म्हणून तिला तिची किंमत ठरविता येत नाही. तेथे मासळीचा व्यापारी पुढे होतो. तो व्याज मागत नाही. त्याची अट एकच असते: सारी मासळी त्याच्या काट्यावर यावी, भाव त्याने करावा. समजा, हा भाव खुल्या लिलावापेक्षा दहा टक्क्यांनी कमी आहे आणि नौकेने वर्षाला ३० लाखांची मासळी उतरविली. म्हणजे ३ लाख रुपये व्यापाऱ्याला बिनबोभाट पोहोचले. आठ लाखांवर तीन लाख, शेकडा साडेसदतीस! आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. १२ टक्क्यांनी बँकेचे कर्ज मिळाले असते तर वर्षाचे व्याज ९६ हजार झाले असते. सावकारी नियंत्रणाचा कायदा राज्यात २०१४ पासून आहे. पण जी रक्कम कागदावर व्याजाशिवाय दिलेली उचल आहे ती सावकारी म्हणून सिद्ध करणे लहान मच्छीमाराच्या आवाक्याबाहेरचे असते.

या हिशेबात इंजिन कोठे येते? ते प्रत्येक ओळीत येते. ही नौका महिन्याला २,००० लिटर डिझेल घेते आणि दहा महिने चालते असे धरले, तर वर्षाला २०,००० लिटर झाले. झिजलेले इंजिन दहाव्या हिश्शाने जादा पीत असेल तर २,००० लिटर वाया गेले. लिटरला ९० रुपये धरल्यास १ लाख ८० हजार रुपये धुरातून गेले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात क्रँकशाफ्टचे बेअरिंग गेले, इंजिन उतरवावे लागले, तर पावसाळ्यानंतरचे कमाईचे दिवस कारखान्याच्या दारात जातात. दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे हात पसरावा लागतो आणि उचलीच्या वहीत नवी रक्कम चढते. बिघडणारे इंजिन हे अशा रीतीने व्यापाऱ्याचे सर्वांत भरवशाचे वसुली कारकून ठरते. नौका कागदावर तांडेलाची असते; ती चालते मात्र दुसऱ्याच्या वहीत. डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत देण्याची राज्याची योजना आहे, पण परतावा वेळेवर हाती पडत नाही ही तक्रार किनाऱ्यावर दर हंगामात ऐकू येते. जो महिनोन्‌महिने थांबू शकतो त्याला परतावा हे साहाय्य आहे; ज्याला उद्याची फेरी उधारीवर काढावयाची आहे त्याला ते केवळ येणे आहे.

खलाशांचा विचार न करता हा विषय सोडणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. जेथे वाट्याची पद्धत अजून आहे तेथे डिझेल, बर्फ वगैरे खर्च वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात; नौकेचा, जाळ्याचा आणि इंजिनाचा हिस्सा मालकाकडे जातो. इंजिन दहाव्या हिश्शाने जादा डिझेल प्याले तर ते डिझेल वाटणीच्या आधीच वजा होते, म्हणजे इंजिनाच्या झिजेचा एक भाग खलाशाच्या ताटातून कापला जातो, आणि इंजिनाचा वाटा मात्र निरोगी इंजिनाइतकाच घेतला जातो. याविषयी खलाशांच्या बैठकांतून फारशी चर्चा झालेली नाही, ती व्हावयास हवी. रत्नागिरीच्या बाजूला मोठ्या नौकांवर पगारी खलाशी, त्यांत पुष्कळसे नेपाळचे, काम करतात. त्यांनी हंगामाआधी घेतलेली उचल त्यांना नौकेशी बांधून ठेवते. नौका वाईट आहे म्हणून उतरून जाण्याची सोय त्यांना नाही. आणि इंजिन बंद पडण्याचा अर्थ केवळ मासळी बुडणे असा नसतो. शीड तर आजकाल नौकेवर नसतेच. इंजिन थांबले की नौका प्रवाहाच्या स्वाधीन होते. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक आहे, पण मोबाइलला संदेश मिळेनासा झालेल्या अंतरावर, बॅटरी उतरलेल्या नौकेत, तो क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच उपयोगी.

कायदा या खरेदीदाराला कितपत वाचवितो? १९३० चा माल विक्री कायदा अजून चालू आहे, आणि त्याच्या सोळाव्या कलमाचा पाया असा की मालाच्या गुणवत्तेची गर्भित हमी सामान्यतः नसते. खरेदीदाराने स्वतः सावध राहावे. अपवाद आहेत, पण ते अशा मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून केलेल्या खरेदीविषयी. एक मच्छीमार दुसऱ्याला आपली नौका विकतो तेव्हा हा अपवाद सहसा हाती लागत नाही. १८७२ च्या करार कायद्यात सत्य जाणूनबुजून झाकणे ही फसवणूक मानली आहे. नुसते गप्प बसणे मात्र, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, फसवणूक ठरत नाही. जाड तेल भरून धूर दाबणे पहिल्या प्रकारात यावे, पण ते सिद्ध कसे करावयाचे? ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळतो. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी घेतलेल्या मालाला मात्र तो संरक्षण देतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला आहे. तेव्हा एखाद्या इंजिन विक्रेत्याकडून वा कारखान्यातून दुरुस्त केलेले इंजिन घेतलेल्या आणि स्वतः नौकेवर राबणाऱ्या मच्छीमाराला ग्राहक आयोगाचे दार बंद नाही. अट एवढीच की पावती हवी. आणि या बाजारात पावती नसते. नौकेच्या नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक व अश्वशक्ती लिहिलेली असते, त्याची प्रकृती लिहिलेली नसते. दाखल्यावरचा क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक एकच आहे काय, एवढे तरी पैसे देण्यापूर्वी ताडून पाहण्यास कुठला वकील लागत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर आहे, त्याला नौका कळते, तो फसतो तो स्वतःच्या हावरेपणाने. नौका त्याला कळते हे खरे. लाकडाची फळी ठोकून तो तिचे वय सांगेल, पठाणाचा कस हाताने ओळखील. पण इंजिनाचे पोट उघडल्यावाचून कुणालाच दिसत नाही, आणि विकत घेण्यापूर्वी ते उघडू देणारा विक्रेता विरळा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विक्रेताही पुष्कळदा कर्जात बुडालेलाच असतो. त्याच्यावर कडक हमी लादली तर त्याची नौका विकलीच जाणार नाही, आणि ती किनाऱ्यावर कुजेल. हे नाकारता येत नाही. सहकारी संस्थांमार्फत दिलेल्या नौकाकर्जांच्या थकबाकीने गांजलेल्या कुटुंबांना नौका विकणे हाच अखेरचा मार्ग उरतो. म्हणूनच येथे एका गरिबाने दुसऱ्या गरिबाला कोर्टात खेचण्याचा मार्ग निरुपयोगी आहे. हवी आहे ती अशी व्यवस्था की जीत इंजिनाचा दोष सौद्यापूर्वी उघड होईल आणि किंमत त्याप्रमाणे उतरेल. दोषी इंजिनाची नौका विकू नये असे कोणी म्हणत नाही. ती दोषी इंजिनाच्या किमतीला विकली जावी.

तशी व्यवस्था उभारण्यास कुठल्या क्रांतिकारक कायद्याची वाट पाहावयास नको. पहिली गोष्ट सौद्याच्या वेळेची. सौदा मे महिन्यातच, नौका पाण्यात असताना व्हावा. निदान दोन-तीन तासांची, पूर्ण ओझ्यावरची फेरी खरेदीदाराच्या मिस्त्रीसह व्हावी, आणि इंजिन सकाळी थंड असताना चालू करण्यापासून तिचा आरंभ व्हावा. तापमान व तेलाचा दाब सुरुवातीला किती व शेवटी किती, एवढे दोन आकडे लिहून ठेवले तरी निम्मे वाद मिटतील. जेथे पावसाळ्यात सौदा करणे भागच आहे तेथे किमतीचा एक हिस्सा, समजा पाचवा, संस्थेकडे अनामत राहावा आणि ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरून ठरलेल्या फेऱ्या नीट पार पडल्यावर विक्रेत्याला मिळावा. बिघाड निघाला तर दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा व्हावा. विक्रेता कर्जबाजारी असेल तर त्याला थांबणे जड जाईल, म्हणून संस्थेने त्या अनामतीवर त्याला बिनव्याजी उचल द्यावी. येथे सहकाराचा कस लागेल.

दुसरी गोष्ट तपासणीची. एकेका संस्थेला पगारी तंत्रज्ञ परवडणार नाही, पण एका बंदरावरील चार-पाच संस्थांना मिळून परवडेल. मासेमारीच्या बंदरांलगतच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणारी मुले मोटारीच्या गॅरेजांत जातात, कारण बंदरावर त्यांना कोणी बोलावीत नाही. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणारे साधे उपकरण हे काही दुर्मीळ यंत्र नव्हे. तपासणीचा दाखला विक्रेत्याच्या नव्हे, संस्थेच्या सहीने मिळावा. इंजिन किती तास चालले, केव्हा उघडले, कोणते भाग बदलले, याची वही नौकेबरोबर राहावी आणि नौकेबरोबर विकली जावी.

तिसरी गोष्ट शासनाची. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला विहिरीच्या दुरुस्तीस, पंपास कर्ज मिळते. तर मग मच्छीमाराला इंजिन उघडून बांधण्यासाठी, लायनर-पिस्टन बदलण्यासाठी स्वस्त व मुदतीचे कर्ज का मिळू नये? ७२ लाख उभे करू शकणाऱ्यास ४८ लाखांचे साहाय्य देण्यापेक्षा तेवढ्या रकमेत कितीतरी लहान नौकांची इंजिने नीट करता येतील. मत्स्यव्यवसाय खात्याने मालकी बदलाची नोंद करताना संस्थेचा तपासणी दाखला जोडून घ्यावा, एवढी एक अट घातली तरी या अंधाऱ्या बाजारात दिवा लागेल. अर्थात ही अट पैसे खाण्याचे नवे ठिकाण होऊ नये यासाठी दाखला देण्याचा अधिकार खात्याच्या कारकुनाकडे नव्हे, मच्छीमारांच्या संस्थेकडेच असावा.

संस्थाही धुतल्या तांदळाच्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी मोठ्या नौकांचे मालकच संचालक मंडळावर बसलेले असतात, म्हणजे जुनी इंजिने विकणारे तेच आणि दाखला देणारेही तेच, असा प्रकार होण्याचा धोका आहे. म्हणून तपासणी समितीत खलाशांचे प्रतिनिधी असण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा. नौकेवर प्रत्यक्ष जीव टाकणाऱ्याला इंजिन कसे आहे हे मालकाआधी कळलेले असते. एका पानात मावेल असा मराठीतील नमुना करारनामा, इंजिनाचा क्रमांक, नौका बुडाली होती की नाही याचा जबाब, फेरीतील आकडे आणि अनामतीची अट यांसह, तालुक्याच्या संघटनांनी तयार करावा. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, अर्नाळा, जेथे जेथे बंदरावर संस्थेचा फळा आहे तेथे तो एप्रिल संपण्यापूर्वी लागला पाहिजे. मे महिन्याच्या मध्यावर दलाल किनाऱ्यावर फिरू लागतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक सौद्यांची विसारे दिली गेलेली असतात.